लॅब्रडॉरला उन्हाळ्यात रेल्वेने ठाण्याहून नागपूरला नेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या पतींची ठाण्याहून नागपूरला बदली झाली असून ते पुढे गेले आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपण आणि आपली मुलगी अशा दोघी जाणार आहात, आणि चार वर्षांचा, ३२ किलो वजनाचा लॅब्रडॉर सोबत न्यायचा आहे. तो आजवर घरच्या मोटारीखेरीज कशातही बसलेला नाही. थ्री टियर एसीची तिकिटे काढून झाली आहेत. त्याच डब्यात त्याला नेता येईल का, न आल्यास गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे का, आणि वाटेत त्रास होऊ नये म्हणून झोपेचे औषध द्यावे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

तिन्हींचे उत्तर नाही असेच आहे. तरीही हा प्रवास सुखरूप होऊ शकतो, कारण आपल्या हाती अजून पाच आठवडे आहेत. तिकीट, दाखला आणि पावती ही कामे दोन-चार दिवसांत उरकतात. कुत्र्याची तयारी व्हायला मात्र किमान तीन आठवडे लागतात. बहुतेक घरांत तिकिटामागे धावताना कुत्र्याची तयारी राहूनच जाते आणि प्रवासाच्या दिवशी त्याला एकदम फलाटावर उभे केले जाते. म्हणून तिकिटाचे काम या आठवड्यात संपवा आणि उरलेले दिवस त्याला द्या.

प्रथम तिकिटाचे पाहू. रेल्वेच्या नियमानुसार थ्री टियर, टू टियर, एसी चेअर कार आणि स्लीपर या डब्यांत असा कुत्रा सोबत नेता येत नाही. सहप्रवासी तयार असले तरी नियम बदलत नाही, आणि नोंदणी न करता नेलेला कुत्रा तपासणीत आढळल्यास सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होऊन त्याची रवानगी गार्डच्या डब्यात होते. रात्री कुठल्यातरी मधल्या स्थानकावर गाडी पाच मिनिटे थांबलेली असताना घाबरलेल्या कुत्र्याला फलाटावरून शेवटच्या डब्यापर्यंत पळवत न्यावे लागणे, यापेक्षा वाईट प्रसंग या प्रवासात येऊ शकत नाही. ही तिकिटे रद्द करा.

मार्ग आहे तो फर्स्ट एसीचा. तेथे दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्णपणे आपल्याच मंडळींच्या नावे असेल, तर कुत्रा आपल्यासोबत राहू शकतो. आपण दोघी आहात, म्हणजे कूपेचे गणित आपोआप जुळते. मुंबईहून नागपूरकडे संध्याकाळी किंवा रात्री सुटून सकाळी पोहोचणाऱ्या विदर्भ एक्सप्रेस आणि दुरांतो या दोन गाड्या सोयीच्या आहेत. रात्रीची गाडी मी मुद्दाम सुचवतो. सुमारे ८४० किलोमीटरच्या या वाटेवरचा खानदेश आणि वऱ्हाड मेमध्ये दिवसा भट्टीसारखा तापलेला असतो, आणि वातानुकूलित डब्यातून प्रवास केला तरी चढणे-उतरणे फलाटावरच होते.

येथे एक अडचण आहे, ती आधीच समजून घ्या. फर्स्ट एसीचे तिकीट काढताना कूपे पक्का होत नाही. कोणाला कूपे आणि कोणाला केबिनमधील बर्थ हे चार्ट तयार होताना ठरते. म्हणून दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर काढा, ती कन्फर्म असतील अशीच तारीख निवडा, आणि मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या वाणिज्य कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात पीएनआर, गाडी, तारीख, कुत्र्याची जात आणि वजन लिहून ‘सोबत कुत्रा असल्यामुळे दोन बर्थचा कूपे मिळावा’ अशी स्पष्ट विनंती करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी तीच प्रत घेऊन पुन्हा चौकशी करा. एका पीएनआरवर एकच कुत्रा नेता येतो, तो प्रश्न आपल्यापुढे नाही.

कुत्र्याचे तिकीट असे वेगळे नसते. त्याची नोंदणी पार्सल कार्यालयात सामानाच्या दराने होते. आपल्या वाट्याच्या मोफत सामानात त्याची गणना होत नाही. प्रत्यक्ष वजन काहीही असले तरी डब्यात सोबत नेताना त्याचे ६० किलो आणि गार्डच्या डब्यातून नेताना ३० किलो धरून आकारणी होते. गाडी सुटण्याच्या किमान तीन तास आधी पार्सल कार्यालयात पोहोचा. तिकिटाची प्रत, ओळखपत्र, लसीकरणाचे कार्ड आणि पशुवैद्यकाचा दाखला या सर्वांच्या दोन-दोन प्रती जवळ असू द्या. मिळालेली पावती गाडीत तिकीट तपासनिसाला दाखवायची असते, म्हणून ती सामानात न टाकता पर्समध्ये ठेवा.

आपण ठाण्यात राहता, त्यामुळे तेथूनच गाडीत चढावे असे वाटणे साहजिक आहे. तरी माझे ऐका आणि मुंबईहूनच निघा. मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते. तेवढ्यात आपला डबा शोधायचा, सामान चढवायचे, आणि फलाट व डबा यांमधली फट पाहून पाय रोवून उभ्या राहिलेल्या ३२ किलोच्या कुत्र्याला उचलून आत घ्यायचे, हे दोघींच्याने होणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडी सुटण्यापूर्वी फलाटावर उभी असते आणि पार्सल कार्यालयही तेथेच आहे.

दाखल्याविषयी अधिक लिहितो, कारण हे माझ्या रोजच्या कामातले आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ सालचे आहेत आणि ते १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत. त्यांनुसार कुत्रा प्रवासास योग्य असून त्याला रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत, असा पात्र पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दाखला प्रवासाच्या आधीच्या २४ ते ४८ तासांतला असावा. आठवडाभर आधी घेतलेला कागद खिडकीवर नाकारला जाऊ शकतो, आणि तो नाकारला जाणे मला योग्यच वाटते, कारण कुत्र्याची प्रकृती आठवड्यात बदलते. रेबीजची लस वर्षाच्या आत दिलेली हवी. मुदत संपत आली असेल तर ती आत्ताच देऊन घ्या, प्रवासाच्या आदल्या दिवशी नको, कारण लसीनंतर एखादा दिवस ताप किंवा मरगळ येऊ शकते.

हेच नियम आणखी काही सांगतात आणि ते आपल्या उपयोगाचे आहे. लांबच्या प्रवासापूर्वी कुत्र्याला किमान दोन तास आधी खाणे-पाणी दिलेले असावे, निघण्यापूर्वी शक्य तितक्या उशिरा त्याला फिरवून आणावे, उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा खायला घालावे, आणि त्याच्यावर थेट वाऱ्याचा झोत येऊ देऊ नये. रेल्वेचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर सोबत माणूस असलाच पाहिजे आणि त्याला प्रत्येक स्थानकावर कुत्र्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. हे नियम करणाऱ्याने कुत्रा जवळून पाहिलेला होता, असे मला ते वाचताना नेहमी वाटते.

आता गार्डच्या डब्यातील पेटीविषयी. गार्ड हे पदनाम जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर असे झाले असले तरी बोलण्यात अजून गार्डच आहे, म्हणून तोच शब्द वापरतो. ही पेटी म्हणजे ब्रेकव्हॅनमधील एक ठेंगणा लोखंडी कप्पा असतो. दाराला जाळी किंवा हवेसाठी फटी असतात आणि कडी बाहेरून लागते. मी पाहिलेल्या पेट्यांत आपल्या लॅब्रडॉरएवढा कुत्रा कसाबसा वळू शकतो. त्याला मान वर करून उभे राहता येत नाही. खाली पत्रा, बाजूला पत्रा, वर पत्रा. गाडी धावत असताना जोडणीचे धक्के आणि रुळांचा खडखडाट त्या पत्र्यातून थेट अंगात उतरतो. आत वातानुकूलन नसते. आपण दहा-बारा डबे पुढे असता आणि गाडी चालू असताना तेथवर पोहोचता येत नाही.

वीस वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस मी एका बॉक्सर जातीच्या कुत्र्याला प्रवासयोग्यतेचा दाखला दिला. कुत्रा तपासणीत ठणठणीत होता. मी नाडी पाहिली, ताप पाहिला, लसींच्या तारखा पाहिल्या. तो कसा जाणार आहे, हे मात्र विचारले नाही. तो पेटीतून गेला. गाडीला उशीर झाला आणि भर दुपारी ती खानदेशात उभी राहिली. मालक धावत मागच्या डब्यापर्यंत गेले तेव्हा कुत्रा आडवा पडलेला होता, जीभ जांभळी झाली होती आणि तोंडातून चिकट लाळ गळत होती. त्यांनी त्याला बाहेर काढून पाणी ओतले, पण तो वाचला नाही. दाखल्यावर माझी सही होती. त्या दिवसापासून दाखला लिहिण्यापूर्वी मी तारीख, गाडी, डबा आणि सुटण्याची वेळ विचारतो, आणि मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत पेटीतून जाणाऱ्या कुत्र्याला दाखला देत नाही. डिसेंबर-जानेवारीत, रात्रीच्या गाडीने, सहा-सात तासांच्या अंतरावर, बंदिस्त जागेची सवय असलेल्या मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी मी कधीकधी होकार देतो. बॉक्सर, पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जाती आणि गाभण कुत्री यांना कोणत्याच मोसमात नाही.

कारण साधे आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापलेली आणि कोंदट असली की धापा टाकणे निरुपयोगी ठरते आणि शरीराचे तापमान झपाट्याने चढते. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या पुढे गेले की तत्काळ उपाय करायला हवा. अशा वेळी साधे पाणी पोट, जांघा आणि पंजे यांवर ओतत राहावे आणि पुठ्ठ्याने किंवा पंख्याने जोरात वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. तो काही क्षणांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडून धरतो. डिजिटल थर्मामीटर सोबत ठेवा आणि शेपटीखालून ताप कसा पाहायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या.

झोपेच्या औषधाविषयी लोक फार आशेने विचारतात. गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रा शांत दिसतो, पण त्याची भीती जातेच असे नाही. आवाज ऐकू येत राहतात, फक्त हातपाय चालत नाहीत. शिवाय अशा औषधांनी रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि उष्णतेशी झुंजण्याची शक्ती कमी होते. मी ती देत नाही. माणसांची झोपेची गोळी तर कदापि देऊ नका. मोटारीत त्याला उलटी होत असेल, तर प्रवासातील मळमळीसाठी कुत्र्यांकरिता वेगळे औषध मिळते. ते वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या आणि प्रवासापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच एकदा देऊन पाहा.

औषधाऐवजी सवय लावा. आजपासून त्याच्यासाठी एक जुनी गोधडी ठरवा. ती घरात कोठेही अंथरली की त्याने तिच्यावर बसायचे, आणि तेथे बसला की खाऊ मिळायचा. आठवड्याने ती मोटारीत अंथरा, नंतर जिन्याखाली, नंतर शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात. कूपेतील जमिनीवर तीच गोधडी पडली की त्याच्या लेखी ती घराची जागा होते. ती धुऊ नका. त्याचा वास तिच्यात राहू द्या.

आवाजाची ओळख वेगळी करून द्यावी लागते. जेवणाच्या वेळी मोबाइलवर रेल्वेचा आवाज अगदी हळू लावा आणि तो खात राहील इतकाच ठेवा. तीन-चार दिवसांनी थोडा वाढवा. त्यासोबत संध्याकाळच्या फेरीत रुळांपासून दोनशे पावलांवर, रस्त्याच्या कडेला, त्याला घेऊन उभ्या राहा. लोकल गेली आणि त्याने कान टवकारून आपल्याकडे पाहिले, तर शाबासकी द्या. शेपूट पायात घातली, जांभया देऊ लागला किंवा खाऊ तोंडात घेईनासा झाला, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे या. खाऊ नाकारणे ही भीतीची सर्वांत भरवशाची खूण आहे. दर दोन दिवसांनी वीस पावले पुढे जाता आले तरी पुरेसे आहे. पुलावरून जाणारी गाडी खालून पाहण्यापर्यंत मजल गेली की फलाट त्याला अगदी अनोळखी वाटणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे लघवी. घरात शिस्तीने वाढलेला कुत्रा डब्यात लघवी करायला तयार होत नाही आणि चौदा तास कळ काढत बसतो. यावर माझा उपाय असा: दाराबाहेर टाकतो तसले काथ्याचे पायपुसणे आणा आणि सकाळी-रात्री तो नेहमी जेथे पाय वर करतो तेथे ते अंथरा. तो त्यावर मोकळा होत असताना एकच ठरावीक शब्द म्हणा आणि लगेच खाऊ द्या. दोन-तीन आठवड्यांत त्या काथ्याचा आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला कळतो. प्रवासात खाली प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्रांचा जाड थर आणि वर ते पायपुसणे, असे कूपेच्या कोपऱ्यात मांडा. भुसावळला फलाटावर उतरवण्याचा विचार मात्र मनात आणू नका. मध्यरात्रीनंतर अनोळखी स्थानकावर, फलाटावरील भटकी कुत्री अंगावर येत असताना आणि गाडी कधी हलेल याचा नेम नसताना, पट्टा हातातून सुटला तर पुढे काय करणार?

पट्ट्याचा विषय निघालाच आहे. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि गळ्यातील पट्टा डोक्यावरून निसटतो. म्हणून छाती आणि पोटाला बसणारा हार्नेस घाला आणि गळ्यातील पट्टाही ठेवा. दोन दोऱ्या, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला असावा. आपला लॅब्रडॉर कितीही गरीब असला तरी मुसके सोबत घ्या, कारण डब्यातील एखादे मूल किंवा वृद्ध गृहस्थ त्याला घाबरत असतील, तर येता-जाता त्यांना दिलासा मिळायला हवा. मुसके जाळीचे असावे, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी मुसके जबडा आवळून धरते, आणि मेमध्ये जबडा आवळणे म्हणजे त्याचा थंड होण्याचा मार्गच बंद करणे. हेही दहा-बारा दिवस आधीपासून, आत खाऊ ठेवून सवयीचे करावे लागते.

प्रवासाच्या दिवशी मुख्य जेवण गाडीच्या पाच-सहा तास आधी, नेहमीच्या निम्मे आणि नेहमीचेच द्या. दहीभात चालत असेल तर उत्तम. पाणी शेवटपर्यंत मोकळे ठेवा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अर्धा तास चालवा. पार्सल कार्यालयात एकीने जावे आणि दुसरीने तोवर कुत्र्याला घेऊन वाहनतळाच्या शांत बाजूला थांबावे. त्या खिडकीसमोर हातगाड्यांची आणि हमालांची ये-जा असते, तेथे त्याला तासभर उभे करू नका. डब्यात चढवताना ओढू नका. एक हात छातीपुढून आणि दुसरा मांड्यांमागून घालून त्याला दोघींनी मिळून उचला. हेसुद्धा घरी चार वेळा करून पाहा.

कूपेत शिरल्यावर दार लावून घ्या आणि गोधडी खालच्या बर्थजवळ, वाऱ्याच्या झोतापासून दूर अंथरा. रेल्वेच्या चादरी-ब्लँकेटवर त्याला घेऊ नका; पुढच्या प्रवाशाचा विचार करायला हवा. पहिला तासभर तो उभाच राहील, दाराशी हुंगत बसेल, थोडी लाळ गाळेल. त्याला बोलून समजावण्याची गरज नाही; आपण शांत बसलात की तोही बसतो. चार-चार तासांनी वाडग्यात थोडेथोडे पाणी द्या. गाडीतील कटलेट किंवा आमलेट देऊ नका, कारण त्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना मारक आहे.

एवढे करूनही कूपे मिळाला नाही तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. पेटीचा पर्याय त्या रात्रीच्या घाईत स्वीकारू नका. खासगी ट्रॅव्हल्सवाले कुत्र्याला डिकीत ठेवण्याची तयारी दाखवतात; ती जागा हवाबंद आणि तापलेली असते, तिचे नावही काढू नका. अशा वेळी समृद्धी महामार्गाने भाड्याची मोटार करणे हाच पर्याय मी देईन. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत सलग खुला आहे. रात्री निघा, दर दोन-अडीच तासांनी थांबा, आणि वातानुकूलन चालू आहे या भरवशावरही बंद गाडीत त्याला एकटे सोडू नका. मोटारीची चौकशी आणि मालकाचा होकार चार्ट लागण्यापूर्वीच घेऊन ठेवलेला बरा.

नागपूरला उतरल्यावर सकाळचे ऊनही चटका देणारे असते. फलाटाच्या फरशीवर हाताची पालथी बाजू टेकवून पाहा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याला सावलीच्या कडेने न्या. नव्या घरात प्रथम पाणी, मग ती गोधडी, मग घराची ओळख. पहिले एक-दोन दिवस शौच पातळ होणे किंवा भूक मंदावणे यात घाबरण्यासारखे काही नाही. चोवीस तास काहीच खाल्ले नाही, उलट्या होत राहिल्या किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर तेथील पशुवैद्यकांकडे न्या. त्यांचा पत्ता निघण्यापूर्वीच मिळवून ठेवा. पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी कानांच्या आत आणि पंजाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का ते पाहा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला किंवा तो मलूल झाला, तर तेथील डॉक्टरांना या प्रवासाची तारीख सांगा, म्हणजे ते गोचीडतापासाठी रक्ततपासणी वेळेवर करतील.